कुलमुखत्यारपत्रावर तारीख घाला: अमेरिकी काँग्रेसच्या सदस्यांना खुलं पत्र

एडिसन, न्यू जर्सी
रविवार, २३ नोव्हेंबर २०२५

प्रति,
प्रतिनिधिगृहाचे ४३५ आणि सिनेटचे १०० सन्माननीय सदस्य,
कॅपिटॉल, वॉशिंग्टन

सप्रेम नमस्कार.

राष्ट्राध्यक्षांना सोडून तुम्हाला पत्र का, असं माझ्या घरातही विचारून झालं. वर्षभरात त्यांना उद्देशून इतकं लिहिलं गेलंय की माझ्या एका कागदाने काही हलायचं नाही. शिवाय माझी तक्रार त्यांच्याबद्दल नाहीच. ज्याच्या हातात किल्ल्या येतात तो दारं उघडतो. राष्ट्राध्यक्षांच्या हातात या अधिकारांच्या किल्ल्या दिल्या कुणी, एवढंच मला विचारायचंय. त्या तुम्ही दिल्यात, दोन्ही पक्षांनी मिळून, गेली सत्तर-पंचाहत्तर वर्षं, एकेक करून.

मराठीत का लिहितोय तेही सांगतो. इंग्रजी प्रत माझ्या मतदारसंघाच्या प्रतिनिधींना आणि न्यू जर्सीच्या दोन्ही सिनेटरांना टपालाने गेली आहे. तिचं छापील उत्तर येईल, ते मी फायलीला लावीन. पण हे आमच्या मंडळातल्या, आणि तिकडे साताऱ्या-पुण्यातल्या लोकांनीही वाचायला हवं. त्यांच्याही घरातलं कुणी ना कुणी इथल्या व्हिसाच्या कागदांना टांगलेलं आहे. (तिकडच्या वाचकांसाठी: इथली काँग्रेस म्हणजे संसद. पंजाशी संबंध नाही.)

मी १९९६ साली नोकरीच्या एच-१बी व्हिसावर इथे आलो आणि २०१० साली नागरिक झालो. नागरिकत्वाच्या मुलाखतीसाठी तेव्हा तुमचं सरकार शंभर प्रश्न पाठ करायला लावायचं. त्यातले दहा विचारायचे, सहा बरोबर आले की पास. सकाळच्या ट्रेनमध्ये उभ्याउभ्या मी ते प्रश्न पाठ केले. संघराज्याचे कायदे कोण करतं? काँग्रेस. सरकारची एकच शाखा डोईजड होऊ नये म्हणून काय तजवीज आहे? एकमेकींवर अंकुश. समोरच्या अधिकारी बाईंनी यातला पहिला प्रश्न मला विचारला आणि मी शाळकरी पोरासारखं खणखणीत उत्तर दिलं. आज कुणी तोच विचारला तर मी जरा घुटमळेन.

सप्टेंबरमधली गोष्ट सांगतो. माझा भाचा इथे जर्सी सिटीत नोकरीला आहे, त्याच एच-१बीवर. भावजींना जाऊन दीड वर्ष झालं. त्यांचं पहिलंच पक्षश्राद्ध, पण तिथीच्या दिवशी याला रजा मिळाली नाही, म्हणून सर्वपित्रीला करायचं ठरलं. सर्वपित्री रविवारी, २१ सप्टेंबरला होती. भाचा आठवडाभर आधी साताऱ्याला पोचला. ताईने दर्भ, तीळ, जानव्याची जोडी आणून देवघराशेजारी ठेवली, परसातली केळीची पानं कापून ओल्या फडक्यात गुंडाळली. गुरुजी दहाला येणार होते.

शनिवारी पहाटे साडेपाचला त्याचा फोन वाजायला लागला. कंपनीच्या वकिलांची मेल होती: राष्ट्राध्यक्षांनी शुक्रवारी एका घोषणापत्रावर सही केली आहे, एच-१बीवर बाहेरून येणाऱ्यासाठी १,००,००० डॉलर भरावे लागतील, अंमल शनिवारची रात्र सरून बारा वाजून एक मिनिट झालं की, देशाबाहेर असाल तर त्याआधी परत या. वॉशिंग्टनची ती वेळ म्हणजे साताऱ्यात रविवारी सकाळचे ९ वाजून ३१ मिनिटं. मला फोन आला तेव्हा इथे शुक्रवारची रात्र होती. मी मूळ कागद दोनदा वाचला. व्हिसा आधीच हातात असलेल्याला हे लागू आहे की नाही, ते त्यातून मला कळेना. कंपनीच्या वकिलांनाही कळत नव्हतं, म्हणून तर त्यांनी सगळ्यांनाच पळायला सांगितलं होतं.

सहाला गाडी दारात. खंबाटकी, पुणे, एक्सप्रेसवे, चेंबूर. एकेरी तिकीट २,४०,००० रुपये, तेही मधल्या सीटचं. ताईने डब्यात दशम्या दिल्या आणि पानं तशीच फडक्यात राहिली. भाचा शनिवारी रात्री साडेआठला नेवार्कला उतरला. काउंटरवरच्या अधिकाऱ्याने पासपोर्ट पाहिला, शिक्का मारला आणि विचारलं, 'तू एवढा धावत का आलास? तुला हे लागू नाही.' त्याचं विमान अटलांटिकवर असताना खुलासा निघाला होता: रक्कम फक्त नव्या अर्जांसाठी, आधीच्या व्हिसाधारकांसाठी नाही. रविवारी ताईने एका चुलतदिराच्या मुलाला बसवून श्राद्ध उरकलं.

आमचं नुकसान फार मोठं नाही, हे मला कळतं. विमान चुकलं असतं तरी शेवटी भाचा आलाच असता. पण एका सहीने एका रात्रीत हजारो घरांत अशी धावपळ उडवता येते, तर ती सही करायचा अधिकार मुळात कुणाचा, हे मी शोधायला बसलो. आणि शोध तुमच्या दारात येऊन थांबला.

एच-१बी हा व्हिसा तुमचा. १९९० च्या कायद्याने तुम्ही तो आजच्या रूपात आणला. वर्षाला ६५,००० हा आकडा तुमचा. इथल्या विद्यापीठातून पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्यांसाठी आणखी २०,००० जागा २००४ साली तुम्हीच वाढवल्यात. अर्जासोबतची काही शुल्कं तर तुम्ही डॉलरच्या आकड्यानिशी कायद्यात लिहून ठेवलीत. इतकं बारीक लिहिल्यावर त्यावर एक लाखाचा आकडा दुसऱ्या कुणी चढवावा कसा? तर त्यासाठीची फटही तुमच्याच कायद्यात आहे. १९५२ च्या इमिग्रेशन कायद्याचं कलम २१२, पोटकलम एफ. देशहिताला बाधक वाटेल त्या परदेशी वर्गाचा प्रवेश राष्ट्राध्यक्षांनी रोखावा, किंवा त्यांना योग्य वाटतील ते निर्बंध घालावेत, आणि त्यांना आवश्यक वाटेल तितके दिवस. 'वाटेल' हा शब्द मी माझ्या पदरचा घातलेला नाही. २०१८ साली काही देशांतल्या नागरिकांवरच्या प्रवेशबंदीचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हाही ५ विरुद्ध ४ मतांनी निकाल लागला तो या कलमातल्या शब्दांवर बोट ठेवूनच.

आता १९५२ चा जून महिना बघा. २ जूनला सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांना सांगितलं की कोरियाचं युद्ध चालू असलं तरी पोलादाचे कारखाने असे ताब्यात घेता येणार नाहीत, तो कायदा करणं काँग्रेसचं काम. त्या निकालात न्यायमूर्ती रॉबर्ट जॅक्सन यांनी वेगळं मत लिहिलं. आणीबाणीसाठी कायदे करण्याची सत्ता काँग्रेसची आहे असं आम्ही म्हणू शकतो, पण ती तिच्या बोटांच्या फटींतून निसटू नये हे फक्त काँग्रेसच पाहू शकते, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. पंचवीस दिवसांनी, २७ जूनला, तुम्ही काय केलंत? हाच इमिग्रेशन कायदा ट्रूमन यांनी नकाराधिकार वापरून परत पाठवला होता, तो तुम्ही दोनतृतीयांश मतांनी पुन्हा मंजूर केलात. राष्ट्राध्यक्ष नको म्हणत असताना त्यांच्या पुढच्या सगळ्या वारसांच्या खिशात तुम्ही ही किल्ली घातलीत!

मुखत्यारपत्राचं सांगतो म्हणजे माझं म्हणणं कळेल. वडील गेल्यावर साताऱ्याच्या घराची आणि थोड्या जमिनीची कामं तिथेच राहणाऱ्या धाकट्या भावाकडे सोपवायची होती. इथे राहणाऱ्या प्रत्येकाला हे करावं लागतं. मी तिथल्या वकिलांकडे गेलो आणि म्हणालो, 'साधं कुलमुखत्यारपत्र करून टाका, माझा भाऊच आहे.' वकील सत्तरीचे होते. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि कागदावर दोन रिकाम्या जागा दाखवल्या. 'काम कोणतं, ते लिहा. कधीपर्यंत, ते लिहा. भाऊ चांगला आहे म्हणूनच लिहा. उद्या त्याच्या जागी दुसरं कुणी बसलं तर?' मी लिहिलं: सातबाऱ्यावर वारसनोंद, घरपट्टी, पाण्याचं कनेक्शन. विक्री नाही. मुदत दोन वर्षं. भाऊ रागावला नाही, उलट त्यालाच हायसं वाटलं.

तुम्ही राष्ट्राध्यक्षांना जी मुखत्यारपत्रं देत आलात त्यांत या दोन्ही जागा कोऱ्या आहेत. माझ्या तक्रारी आता एकेक करून मांडतो. सगळ्या सारख्या वजनाच्या नाहीत.

पहिली, आणि माझ्या लेखी सगळ्यात मोठी, आणीबाणीची. १९७३ साली सिनेटच्या एका खास समितीने शोध घेतला तेव्हा १९३३ पासूनच्या चार आणीबाण्या अजून चालूच आहेत असं निघालं, आणि आणीबाणीत वापरता येतील अशी ४७० कलमं कायद्यांत विखुरलेली सापडली. ते पाहून तुम्ही १९७६ चा राष्ट्रीय आणीबाणी कायदा केलात. हेतू चांगला होता. दर सहा महिन्यांनी सभागृहांनी बसून आणीबाणी चालू ठेवायची की नाही यावर विचार करावा, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. पुढची चार दशकं ते कागदावरच राहिलं. इराणविषयीची आणीबाणी राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी १४ नोव्हेंबर १९७९ ला लावली. मी तेव्हा तेरा वर्षांचा होतो, या महिन्यात ती सेहेचाळीस वर्षांची झाली. आज चालू असलेल्या आणीबाण्या चाळीसहून अधिक आहेत. तुमच्यातल्या कुणाला त्यांची यादी न बघता म्हणता येईल का?

मूळ कायद्यात दोन्ही सभागृहांच्या ठरावाने, राष्ट्राध्यक्षांच्या सहीशिवाय आणीबाणी संपवता येत होती. ती सोय गेली कशी, ती गोष्ट आपल्याच एका माणसाची आहे. जगदीश राय चड्ढा, केनियात जन्मलेले, भारतीय वंशाचे, ब्रिटिश पासपोर्टवर १९६६ साली ओहायोत शिकायला आले. १९७२ साली व्हिसा संपला तेव्हा ना केनिया त्यांना घ्यायला तयार, ना ब्रिटन. इमिग्रेशन न्यायाधीशाने हद्दपारी स्थगित केली. आणि डिसेंबर १९७५ मध्ये प्रतिनिधिगृहाने सहा नावांच्या एका ठरावात, चर्चा न करता, मतं न मोजता, ती स्थगिती उडवली. चड्ढा लढले. १९८३ साली सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ असा निकाल दिला: एका सभागृहाचा असा परस्पर नकार घटनेत बसत नाही, कायद्याइतकं वजन असलेलं काहीही दोन्ही सभागृहांतून राष्ट्राध्यक्षांच्या टेबलावर गेलंच पाहिजे. चड्ढांना न्याय मिळाला, मला त्याचा आनंदच आहे. पण त्या निकालाच्या झपाट्यात तुमच्या कित्येक कायद्यांतला लगाम तुटला. आता आणीबाणी संपवायचा ठरावही राष्ट्राध्यक्षांकडे जातो, ते तो नाकारतात, आणि मग तुम्हाला दोनतृतीयांश मतं गोळा करावी लागतात. २०१९ च्या मार्चमध्ये सीमेवरच्या भिंतीबाबत हेच झालं. सिनेटने ५९ विरुद्ध ४१ मतांनी आणीबाणी संपवायला सांगितलं, राष्ट्राध्यक्षांनी पहिला नकाराधिकार वापरला, प्रतिनिधिगृहात २४८ मतं पडूनही ती कमी पडली. म्हणजे आणीबाणी लावायला एक सही पुरते आणि काढायला दोन्ही सभागृहांत दोनतृतीयांश! १९८३ नंतर हा लगाम पुन्हा बसवायला तुमच्याकडे बेचाळीस वर्षं होती.

मी हे बोलतो त्याला माझं लहानपणही कारण आहे. १९७५ साली मी नऊ वर्षांचा होतो. आमच्या गल्लीतले एक शिक्षक मिसाखाली येरवड्याला गेले आणि त्यांच्या घरासमोरून जाताना मोठी माणसं आवाज खाली आणत. त्यातून भारत काही शिकला. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने आणीबाणीला मंत्रिमंडळाचा लेखी सल्ला लागतो, महिन्याच्या आत दोन्ही सभागृहांची विशेष बहुमताने मंजुरी लागते, आणि दर सहा महिन्यांनी ती पुन्हा घ्यावी लागते. नाही घेतली तर आणीबाणी आपोआप गळून पडते. तिथलं सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही. वटहुकूम संसदेसमोर ठेवावा लागतो, तरी तोच तो पुन्हा काढायची खोड तिथेही आहे. पण गप्प बसलं की आणीबाणी संपते, हा तिथला नियम. तुमच्याकडे गप्प बसलं की ती चालू राहते.

दुसरी तक्रार आयातशुल्काची. घटनेच्या पहिल्याच कलमात, आठव्या पोटकलमात, कर आणि आयातशुल्क बसवण्याचा, परदेशांशी व्यापाराचे नियम करण्याचा अधिकार तुम्हाला दिलाय. राष्ट्राध्यक्षांचं कलम दुसरं, आणि ते बरंच आखूड आहे: सैन्याचं सरसेनापतिपद, माफी देणं, सिनेटच्या संमतीने करार आणि नेमणुका, कायद्यांची इमानाने अंमलबजावणी. त्यात शुल्काचा शब्द नाही. १९७७ च्या आर्थिक आणीबाणीच्या कायद्यातही 'शुल्क' हा शब्द नाही, 'आयातीचं नियमन' एवढंच आहे. त्या दोन शब्दांवर यंदा जगभरच्या मालावर शुल्क बसलं. भारतावर ७ ऑगस्टपासून २५ टक्के, आणि रशियाच्या तेलाचं कारण देऊन २७ ऑगस्टपासून आणखी २५. २७ ऑगस्टला गणेश चतुर्थी होती. आमच्या मंडळात आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत लोक शुल्काचे दर बोलत होते.

आणि मग फराळ. ८०० डॉलरपर्यंतचं पार्सल शुल्काशिवाय येऊ द्यावं, हा आकडा २०१६ साली तुमच्याच कायद्याने ठरला. ही सवलत जुलै २०२७ पासून बंद करायची, हेही याच वर्षी तुम्हीच कायद्यात लिहिलंत. तरी २९ ऑगस्ट २०२५ ला ती एका आदेशाने थांबली. तुमची तारीख तुमच्याच कायद्यात, आणि ती कुणी विचारली नाही. १०० डॉलरपर्यंतच्या भेटवस्तूंना सूट होती म्हणे, पण शुल्क कुणी आणि कसं गोळा करायचं हेच ठरेना, विमान कंपन्या टपाल घेईनात. भारतीय डाकखात्याने २५ ऑगस्टपासून अमेरिकेची पार्सलं थांबवली ती १५ ऑक्टोबरला सुरू केली. नरकचतुर्दशी २० ऑक्टोबरला. ताई दर वर्षी सप्टेंबरअखेर अनारशाचं पीठ करते. यंदा डबा भरून पोस्टात गेली आणि परत घेऊन आली. 'तुमच्या राष्ट्राध्यक्षाला अनारशांचं काय वावडं?' असं तिने मला फोनवर विचारलं. मला तिला कलम आठ समजावून सांगता आलं नाही.

५ नोव्हेंबरला शुल्काचा हा खटला सर्वोच्च न्यायालयात ऐकला गेला. निकाल लागेल तो लागो. मला लाज वाटते ती याची, की १९७७ साली तुमच्या मनात काय होतं याचा तर्क नऊ न्यायमूर्तींना करत बसावं लागतंय आणि तुम्ही, ज्यांचा तो कायदा आहे, ते शेजारच्याच इमारतीत बसला आहात. रस्ता ओलांडून एक ओळ दुरुस्त करता आली असती.

उलट तुम्ही काय केलंत? या वर्षीच्या मार्चमध्ये प्रतिनिधिगृहाने एक नियम मंजूर केला. आणीबाणी संपवण्याचा ठराव आला की समितीने १५ दिवसांत तो पुढे पाठवायचा असतो. ते दिवस भरूच नयेत म्हणून तुम्ही ठरवलंत, की शुल्कासाठी आधार घेतलेल्या १ फेब्रुवारीच्या आणीबाणीपुरतं, या अधिवेशनाचा उरलेला एकही दिवस 'दिवस' म्हणून धरायचा नाही. आमच्याकडे अधिक महिना असतो, क्षयतिथी असते, पण अख्खं वर्ष मोजायचंच नाही असं पंचांग आजवर कुणी काढलेलं मला माहीत नाही. घरी हे वाचून दाखवलं तर माझी मुलगी म्हणाली, 'बाबा, मला अभ्यासासाठी हा नियम चालेल.'

तिसरी तक्रार युद्धाची, थोडक्यात सांगतो. युद्ध जाहीर करण्याचा अधिकार तुमचा. तो तुम्ही शेवटचा वापरलात जून १९४२ मध्ये. त्यानंतर कोरिया, व्हिएतनाम आणि पुढचं सगळं. १९७३ साली निक्सन यांचा नकाराधिकार मोडून तुम्ही कायदा केलात: सैन्य लढाईत घातलं तर ४८ तासांत कळवा, तुमची मंजुरी नसेल तर ६० दिवसांत थांबवा. तेव्हा तुमच्यात तेवढी हिंमत होती. २०११ साली लिबियावर बॉम्ब पडत असताना ओबामा प्रशासन म्हणालं, कायद्यात म्हटलेली लढाई ही नव्हेच. या सप्टेंबरपासून कॅरिबियनमध्ये बोटींवर हल्ले चालू आहेत, साठ दिवस उलटले, आणि आजचं प्रशासनही तेच म्हणतं. पक्ष बदलला, वाक्य तेच राहिलं, कारण ते तुम्ही दोन्ही वेळा चालवून घेतलंत. २००१ च्या सप्टेंबरमध्ये, ९/११ च्या हल्ल्यानंतर, तुम्ही राष्ट्राध्यक्षांना लष्करी बळ वापरायचा साठ शब्दांचा अधिकार दिलात. प्रतिनिधिगृहात विरोधात एकच मत होतं, बार्बरा ली यांचं. तो अजून चालू आहे. त्यातही मुदतीची जागा कोरीच.

चौथी पैशाची. तिजोरीतला पैसा तुमच्या मंजुरीशिवाय निघत नाही, हे घटनेत आहे. तुम्ही मंजूर केलेला पैसा अडवून ठेवता येत नाही, हे १९७४ च्या कायद्यात आहे. या ऑगस्टच्या अखेरीस ४.९ अब्ज डॉलरची परदेशी मदत रद्द करायचा प्रस्ताव तुमच्याकडे आला. आर्थिक वर्ष संपायला महिनाभर उरलेला आणि विचार करायला तुम्हाला कायद्याने ४५ दिवस. तुम्ही काही ठरवायच्या आत वर्षच संपलं आणि तो पैसा गेला. यावर मी जास्त लिहीत नाही, तुम्हाला तुमचाच अपमान समजावून सांगायची गरज नसावी.

आता आमच्याबद्दल. हे आमच्या मंडळातल्या मित्रांना आवडायचं नाही. ग्रीन कार्डच्या रांगेतल्या एच-१बीवाल्यांच्या बायकांना नोकरीची परवानगी मिळाली २०१५ च्या मे महिन्यात, ओबामा प्रशासनाच्या एका नियमाने. इंजिनिअर, डॉक्टर झालेल्या कितीतरी जणी वर्षानुवर्षं घरात बसून होत्या. आम्ही पेढे वाटले. मीही वाटले. काँग्रेसने कायदा केलेला नाही, हे तेव्हा आमच्यातल्या कुणी काढलं नाही. २०१७ नंतर तोच नियम काढून घ्यायची भाषा सुरू झाली आणि त्या बायकांची झोप उडाली. लहानपणी इथे आणलेल्या मुलांची हद्दपारी थांबवणारा २०१२ चा निर्णय तसाच, एका प्रशासनाचा. बायडेन यांनी विद्यार्थ्यांची सुमारे ४०० अब्ज डॉलरची कर्जं माफ करायला घेतली ती २००३ च्या एका कायद्यातल्या दोन-तीन शब्दांवर. २०२३ साली न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी ते रोखलं तेव्हा मी न्यायालयावर चिडलो होतो. आज विचार करतो तर तो निकाल आणि माझं आजचं म्हणणं एकाच माळेतले मणी आहेत. आपल्या सोयीची सही झाली की आपण टाळ्या वाजवल्या. एका सहीने आलेलं दुसऱ्या सहीने जातं, हे आम्हाला सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी कळलं.

तुम्ही म्हणाल, जग वेगवान झालंय, ५३५ जणांनी बसून रोज निर्णय घेता येत नाही. मान्य. पूर आला, हल्ला झाला, साथ आली, तर एका माणसाने तातडीने हुकूम द्यावा, त्यासाठीच राष्ट्राध्यक्ष असतो. पण साथ तीस दिवसांत ओळखू येते, हल्ला साठ दिवसांत, आणि इराणशी वैर सेहेचाळीस वर्षांत तरी तुमच्या अजेंड्यावर यायला हरकत नव्हती.

माझ्या मागण्या अशा:

एक. कोणतीही राष्ट्रीय आणीबाणी तीस दिवसांत दोन्ही सभागृहांनी मंजूर केली नाही तर आपोआप संपावी. पुढेही दर वर्षी मतदान व्हावं, नावानिशी. अशी विधेयकं तुमच्यातल्याच सदस्यांनी मांडलेली आहेत, नवं काही लिहावं लागणार नाही.

दोन. १९७७ च्या कायद्यात एक वाक्य घाला: या कायद्याखाली आयातशुल्क बसवता येणार नाही. शुल्क बसवायचंच असेल तर तुम्ही बसवा आणि मतदारांना सामोरे जा.

तीन. कलम २१२ एफला मुदत घाला. नव्वद दिवस, त्यापुढे तुमची मंजुरी. व्हिसासाठी पैसे किती घ्यायचे ते फक्त कायद्यात लिहिलेलं असावं. आणि ज्याच्या पासपोर्टात वैध व्हिसा आहे त्याच्यावर परिणाम होणारा कोणताही बदल किमान तीस दिवसांच्या पूर्वसूचनेशिवाय लागू होऊ नये. ही तिसरी मागणी माझ्या ताईची आहे असं समजा.

चार. २००१ चे साठ शब्द मागे घ्या, आणि १९७३ च्या कायद्यात लढाई कशाला म्हणायचं ते लिहा, म्हणजे पुढच्या प्रशासनाला शब्दकोश काढावा लागणार नाही.

पाच. दिवस म्हणजे दिवस. तो मार्चमधला नियम रद्द करा.

माझे प्रतिनिधी पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये निवडणुकीला उभे राहतील. मंडळातल्या आम्ही अकरा जणांनी ठरवलंय की त्यांच्या प्रत्येक नागरिक-सभेत जायचं आणि फक्त या पाच गोष्टींवर 'हो की नाही' विचारायचं. उत्तरं आम्ही वहीत लिहून ठेवणार आहोत. त्या वहीत दोन्ही पक्षांसाठी पानं आहेत.

कळावे,
तुमचा एक मतदार
(सातारा जिल्हा, हल्ली एडिसन)

ता. क. ताईचं पार्सल मागच्या शुक्रवारी पोचलं. चकल्या धड आहेत, अनारशांचा चुरा झालाय. शुल्क कुणी मागितलं नाही. पार्सल पोचवायला आलेल्या माणसाला मी विचारलं, तर तो म्हणाला, 'या आठवड्यात काय नियम आहे ते मलाही माहीत नाही.'